श्रमविचार, ख्रिस्ती

माणसाचे रोजचे काम पोटापाण्याचे साधन तर आहेच, पण ते देवाने सोपवलेले कार्यही आहे, असे मानणारी ख्रिस्ती धर्मातील विचारधारा. या दृष्टीने शेतकऱ्याची नांगरट, आईने केलेले बाळाचे संगोपन आणि धर्मगुरूची उपासना यांत देवापुढे उच्चनीच नाही. मराठी आणि कन्नड मुलखात हा विचार प्रवचनांपेक्षा माग, छापखाने आणि कौलांचे कारखाने यांतून अधिक पोचला. इथे त्याची गाठ जन्मावरून धंदा ठरवणाऱ्या समाजाशी पडली, आणि त्यातून जो पेच उभा राहिला तोच या विषयाचा इथला खरा इतिहास आहे.

*बायबलमधील आधार.* उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाकडे एदेन बागेची मशागत आणि राखण सोपवली जाते ती त्याच्या हातून पाप घडण्याच्या आधी; घाम गाळून भाकरी मिळवण्याचा शाप नंतरचा. म्हणून कष्टातला त्रास शापातून आला, काम मात्र मूळचेच आहे, असा अर्थ भाष्यकार लावतात. येशू नासरेथचा सुतार होता. प्रेषित पौल तंबू बनवून पोट भरी. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी उतरला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासींच्या दिनक्रमात प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीचे तास घातले.

तरीही देवाचे पाचारण म्हटले की मठ किंवा धर्मगुरूपद, हीच समजूत शतकानुशतके टिकली. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने ती मोडली आणि चांभार, लोहार, दाई यांची कामेही पाचारणातच धरली. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये या विचाराचा संबंध भांडवलशाहीच्या वाढीशी जोडला, तो वाद अजून मिटलेला नाही.

*चामराजपेट.* जन्म, धंदा आणि वस्ती यांची सांगड बेंगळुरूच्या जुन्या पेठेत दिसते; तिथे वस्त्यांची नावे धंद्यांवरून पडली: गाणिगरपेट तेल्यांची, कुंबारपेट कुंभारांची, तिगळरपेट माळ्यांची. याच पेठेला लागून १८९२ मध्ये चामराजपेट ही आखीव वसाहत वसली. तिच्यातील पंपमहाकवी रस्त्यावरचे सेंट लूक चर्च मुळात किल्ल्यातले, ब्रिटिश फौजेचे चर्च. वाणीविलास या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयासाठी किल्ल्यातली जागा लागली तेव्हा, १९३० च्या दशकात, ते इथे नव्याने बांधले गेले. लूक हा शुभवर्तमानकार. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल त्याचा उल्लेख वैद्य म्हणून करतो. बाळंतिणींच्या रुग्णालयाला जागा करून दिलेल्या चर्चला वैद्याचे नाव असावे, हे शोभूनही दिसते.

*जातीशी पडलेली गाठ.* प्रत्येकाने ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहावे, हा पौलाचा करिंथकरांना केलेला उपदेश लूथरच्या मांडणीचा मोठा आधार होता. जर्मनीतल्या चांभाराला त्या उपदेशाने प्रतिष्ठा दिली. तोच उपदेश अहमदनगर जिल्ह्यातल्या महाराला केला, तर गावातली मेलेली ढोरे ओढणे हेच देवाने नेमून दिलेले काम ठरते. गावगाड्यानेही त्याला वेगळे काय सांगितले होते? त्यामुळे या भागात पाचारणाची शिकवण टिकायची, तर धंदा बदलण्याची मुभा तिच्यात असणे भाग होते.

याचे एक उदाहरण मराठी छपाईच्या आरंभीच सापडते. बंगालमधील श्रीरामपूरचा मिशनरी विल्यम कॅरी (१७६१-१८३४) इंग्लंडमध्ये जोडे शिवत असे. त्याच कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) छापून काढला. इथे जन्मता, तर चांभाराच्या हाती व्याकरण गेले नसते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे दिले. तिथले बहुतेक नवख्रिस्ती महार आणि मांग. गावकी सुटली की बलुते सुटे, आणि बलुते सुटले की चूल बंद. मिशनने सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळा काढल्या त्या या निकडीतून. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनरी डी. सी. चर्चिल याने इथेच सुधारित हातमाग तयार केला. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली काम शिकलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक झाले; म्हणजे संस्कृत ग्रंथांच्या उत्तमोत्तम आवृत्त्या ज्या हातांनी काढल्या, ते मिशनच्या छापखान्यात तयार झाले होते.

*मुक्ती मिशन.* मराठीत या विचाराचे सर्वांत भरीव रूप पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या केडगावच्या (ता. दौंड, जि. पुणे) मुक्ती मिशनमध्ये दिसते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढताना रमाबाईंच्या डोळ्यांसमोर उच्चवर्णीय विधवा होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि १९०० च्या सुमारास केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढी तोंडे देणग्यांवर पोसणे अशक्य होते. शिवाय रमाबाईंना ते पटणारेही नव्हते. शेती, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवण, धुलाई, स्वयंपाक सगळे बायकाच करीत. अंध स्त्रियांना ब्रेल वाचायला आणि हातकाम करायला शिकवले जाई. त्यात रमाबाईंची कन्या मनोरमा यांचा पुढाकार होता.

विधवेने घरात राबणे समाजाला नवे नव्हते. सोवळ्या बाईला पहाटेपासून उसंत नसे, फक्त त्याला कोणी काम म्हणत नसे. मुक्तीत तेच हात हुन्नर शिकले, आणि हुन्नर म्हणजे माहेर-सासर दोन्ही नाकारणाऱ्यांपुढे उभे राहण्याची सोय.

छापखाना याचा कळस. देवनागरी खिळे जुळवणे किचकट असते: मुळाक्षरे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या मिळून केसमध्ये शेकडो कप्पे, हाताला कप्प्याची सवय व्हायला महिनोन्महिने जातात, आणि अक्षर वाचायचे ते उलटे. जुळारी पुरुषच असायचा, हा त्या काळचा शिरस्ता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतर म्हणून तो इतर आवृत्त्यांपुढे मागे पडला. पण दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींनी घडवलेले पुस्तक म्हणून त्याला तोड नाही.

*बासेल मिशन.* स्वित्झर्लंडच्या या मिशनने मंगळूर, धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी या पट्ट्यात १८३० च्या दशकापासून काम केले. १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट याने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला; कोकणातल्या घरांवर दिसणारी मंगळुरी कौले ही त्याच धंद्याची पुढची पिढी. मजूर, चर्चचा सभासद आणि मिशनच्या जमिनीवरचा रहिवासी अनेकदा एकच असे. मालक आणि पाळक एकाच बाजूला असले, की काम देवाने दिले की व्यवस्थापकाने, हे मजुराने कसे ओळखायचे? मिशनच्या हिशेबवह्या कितीही चोख असल्या तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते.

*कॅथलिक भूमिका.* तेरावा लिओ या पोपच्या १८९१ च्या परिपत्रकाने रास्त मजुरी आणि कामगार संघटनेचा हक्क मान्य केला. बाराव्या पायसने १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत जोसेफचा सण ठरवला. दुसऱ्या जॉन पॉलने सप्टेंबर १९८१ मध्ये श्रमावर स्वतंत्र परिपत्रक काढून, कामाची किंमत ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कामाच्या प्रकारावरून नाही, असे प्रतिपादले.

*दलित ईश्वरविद्या.* १९८१ च्याच एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एका भाषणात भारतीय ख्रिस्ती ईश्वरविद्येवर उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाचा पगडा असल्याची टीका केली. दलित ईश्वरविद्येचा आरंभ या भाषणापासून धरतात. व्यासपीठ होते कॉलेजच्या कॅरी सोसायटीचे. पुढच्या लेखनात निर्मल यांनी सेवा हा देवाचाच स्वभाव मानला आणि मोलकरीण, भंगी, धोबी यांच्या कामात तो पाहायची तयारी आहे का, असे ख्रिस्ती मंडळीला विचारले.