फरशीखालची फरशी

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अलीकडे एक वेगळीच मागणी ऐकू येऊ लागली आहे. वरची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी काढा, आम्हाला खालची मोझॅक परत हवी आहे. फरशी निघते, पण मोझॅकवर करड्या गोंदाच्या समांतर रेघा तशाच राहतात. दातेरी थापीनं ओढलेल्या, तीनचार मिलिमीटर उंच, नखानं खरवडल्या तर नखच झिजेल अशा. मग दुकानात जाऊन यावर कुठलं रसायन मिळतं याची चौकशी सुरू होते. माझं म्हणणं असं की ही विद्या आपल्याकडे आधीपासून आहे, आणि ती मोझॅकच्याच घराण्यातली आहे.

वाड्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. शेणानं सारवलेल्या जमिनीला चिकटवायचं काही नसे. मुंबई ते रायचूर लोहमार्ग १८७१ साली पुरा झाला. शहाबाद त्याच मार्गावरचं, त्यामुळे तिथला चुनखडीचा दगड पुण्याच्या आवाक्यात आला. ही शहाबादी फरशी चुन्यात बसवत. चुना नरम, त्यामुळे पहारीनं अलगद उचकटली की फरशी अख्खी निघायची, पाठ तासून दुसरीकडे बसायची. सिमेंटनं ही सोय संपवली. पोरबंदरचा कारखाना १९१४ साली सुरू झाला, मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स १९२२ साली उभी राहिली, आणि सिमेंटच्या फरश्या घराघरांत शिरू लागल्या. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. पुढच्या दोन-तीन दशकांत शहर सोसायट्यांमध्ये राहायला गेलं आणि दहा इंची मोझॅक ही मध्यमवर्गाची जमीन झाली.

या फरशीचं एक वैशिष्ट्य आज विसरलं गेलं आहे. ती कारखान्यातून पुरी होऊन येतच नसे. संगमरवराच्या खड्यांचा आणि सिमेंटचा पाच-सहा मिलिमीटरचा थर वर, साधं काँक्रीट खाली, अशी ती खरबरीत येई आणि घरात बसवून झाल्यावर जागेवरच घासली जाई. ही रीत व्हेनिसची. तिथले कारागीर संगमरवराचा चुरा चुन्यात दाबून जमीन करत आणि लांब दांड्याला बांधलेला जड दगड तिच्यावर ओढत राहत. त्या दगडाला ते ‘ओर्सो’, म्हणजे अस्वल, म्हणत. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ साली कार्बोरंडम सापडलं आणि अस्वलाच्या जागी विजेवर फिरणाऱ्या कार्बोरंडमच्या बट्ट्या आल्या. आधी साठ नंबर, मग एकशेवीस, शेवटी तीनशेवीस. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, चौरस मीटरला ३३ ग्रॅम, पाणी शिंपडून नमद्यानं घोटायची. सरकारी बांधकामाच्या नियमांत हे प्रमाण असंच दिलेलं आहे. पॉलिशवाला घरी आला की दोन दिवस जमिनीवर राखाडी चिखल साचायचा आणि मग त्यातून खडे एकेक करून वर यायचे.

व्हिट्रिफाइड फरशी आली तेव्हा जुनी पद्धत अडली. मोझॅक पाणी शोषते, म्हणून सिमेंटचा पातळ घोळ तिच्या अंगात मुरतो. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी घेत नाही. घोळ वरवर बसतो, फरशी पोकळ वाजू लागते, एखाद्या उन्हाळ्यात फुगून वर येते. त्यावर उपाय होता सिमेंटमध्ये पॉलिमर घातलेला गोंद. हेन्री रॉथबर्ग यांनी अमेरिकेत १९५६ साली याच मालाची कंपनी काढली होती. आपल्या मिस्त्र्यांच्या तोंडी या गोंदाला सरसकट ‘केमिकल’ म्हणतात.

पूर्वी मोझॅकवर दुसरी फरशी बसवायची तर पकड यावी म्हणून जुनीला छिन्नीनं टाचे मारत, आणि ती कायमची विद्रूप होई. केमिकलला टाचे लागत नाहीत. राडारोडा नको, खालच्यांच्या छताला हादरे नकोत म्हणून लोकांनी ते लावलं, आणि नकळत खालची मोझॅक शाबूत राहिली. आज ती परत मिळू शकते ती यामुळेच.

काढायची कशी? आधी रुंद पात्याची छिन्नी जवळजवळ आडवी धरून रेघांचे माथे उडवायचे. उभी धरली की खडा उखडतो. मग पॉलिशवाल्याचं मशीन, साठ नंबरची बट्टी, भरपूर पाणी. सिमेंटी गोंद दगडासारखाच झिजतो. खाली विनाइल चिकटवण्याचं रबरी सोल्युशन असेल तर मात्र मशीन लावू नये. ते तापून बट्टीत भरतं आणि बट्टी नुसती घसरत राहते. ते आधी गरम हवेनं मऊ करून पत्र्यानं खरवडूनच काढावं लागतं.

न्हाणीघरातलं ॲसिड इथे कुणी ओतू नये, हे मी हात जोडून सांगतो. ॲसिड गोंदातलं सिमेंट खातं, पॉलिमर सोडून देतं, आणि संगमरवराचे खडे फसफसून विरघळतात. शहाबादीचंही तेच होतं, कारण तीही चुनखडीच.

दुसरी काळजी कारागिराची. हातातल्या ग्राइंडरला कप लावून कोरडं घासणं झटपट होतं, पण सिमेंट-वाळूच्या त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. अमेरिकेतल्या जुन्या काळ्या डांबरी गोंदात तर ॲस्बेस्टॉसचे तंतूही सापडतात. तसा काळा गोंद दिसला तर तपासून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. पॉलिशवाल्याचा तो चिखल म्हणूनच मोलाचा. पाण्यानं धूळ फारशी उडत नाही.

काम ठरवण्याआधी उंबऱ्यापाशी किंवा मोरीच्या कडेला एखादी फुटकी मोझॅक शोधा आणि तिची कड पाहा. मूळचा पाच-सहा मिलिमीटरचा थर दर पॉलिशला थोडा थोडा झिजलेला असतो. गोंद काढताना आणखी थोडा जाईल. कडेला खड्यांची जाडी नीट दिसत असेल तर पॉलिशवाल्याला बोलवा. खालचं काळपट काँक्रीट पृष्ठभागाजवळ आलेलं दिसलं, तर वरची फरशी आहे तशीच राहू द्या.