उणिवेंतून उपजलेला वेग

इ. स. १९७८ सालीं जपानच्या ताइतो कंपनींतील तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा पडद्यावरील युद्धखेळ रचला. परग्रहावरील ५५ शत्रु, ११-११ च्या ५ रांगांनीं, वरून उतरूं लागतात. तळाशीं खेळाडूची एकटी तोफ. खरी मौज शत्रूंच्या चालींत आहे. यंत्रांतील इंटेल ८०८० प्रोसेसरला सारें सैन्य एकदम हलविणें झेपेना. एकेकाला पाळीपाळीनें पुढें सरकवावें लागे. अर्थात् शत्रु जसजसे मरत, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते झपाट्यानें चालत. ही उणीव निशिकादोंनीं झांकली नाहीं, मुद्दाम राखली. त्यामुळें विजय हाताशीं आला असतांच खेळाडूची त्रेधा उडे! चार स्वरांचा ठेकाहि जलद होत जाई. शेवटचा एकटा शत्रु तर असा धांवे कीं, ५४ जणांना टिपणारा हातहि तेथें चुके.