वर्ध्याच्या ठरावातले दुर्लक्षित कलम

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात केलेला ठराव आपण ‘चले जाव’ची पहिली पायरी म्हणून वाचतो. ब्रिटिश सत्ता जावी, ही मागणी सर्वांच्या लक्षात राहते. त्याच ठरावातले, स्वतंत्र हिंदुस्थानात दोस्तराष्ट्रांच्या फौजा राहू देण्याचे कलम सहसा राहत नाही. जपानी वा अन्य आक्रमण थोपवण्यासाठी आणि चीनच्या मदतीसाठी दोस्तांनी हवे तर इथे सैन्य ठेवावे, असा त्याचा आशय. ठरावाचा खरा कस मला याच कलमात दिसतो. बड्या सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या दुबळ्या देशाने परकी फौज असावी की नसावी एवढ्यावरच अडून राहू नये. ती कोणाच्या संमतीने, कशासाठी आणि किती काळ, हे आपण ठरवावे, अशी ती भूमिका आहे. ती किती व्यवहारी होती, हे त्या वर्षी समुद्रातली छोटी बेटे दाखवत होती.

एप्रिलमध्ये गांधीजींचे म्हणणे वेगळे होते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले. इंग्रज रक्षण तर करत नाहीतच, उलट त्यांच्या इथे असण्यानेच जपानला आमंत्रण मिळते, असा गांधीजींचा तर्क होता. अलाहाबादच्या बैठकीसाठी पाठवलेल्या मसुद्यात त्यांनी जपानचे भांडण हिंदुस्थानशी नसून साम्राज्याशी आहे, असे मांडले. नेहरूंना ते पटले नाही आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. अंदमानमधली फौज ब्रिटिशांनी मार्चमध्येच काढून घेतली होती. तरीही २३ मार्चला जपानी पोर्ट ब्लेअरला उतरले. झेंडा तर ब्रिटिशांचाच होता, असे कोणी म्हणेल. मग तिमोरचा पूर्व भाग घ्या. तो तटस्थ पोर्तुगालचा. डिसेंबर १९४१ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियन आणि डच फौजा न विचारता घुसल्या आणि फेब्रुवारीत त्यांच्या पाठोपाठ जपानी आले. मोक्याच्या जागेला तटस्थपणाचे कवच पुरत नाही.

गांधीजींनी भूमिका बदलली ती उघडपणे. जूनमध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामात राहिले आणि ब्रिटिश गेल्यावर फौजांचे काय, हे त्यांनी खोदून विचारले. १४ जूनला चँग कै-शेकना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी तह करून दोस्तांच्या फौजा राहू देण्याची तयारी दाखवली; १ जुलैला रूझवेल्टनाही तेच कळवले. १८ जुलैला जपानी जनतेला उद्देशून लिहिताना, हिंदुस्थानात स्वागताची अपेक्षा ठेवू नका, असेही त्यांनी बजावले. अहिंसेचा पुरस्कर्ता फौजांना संमती देतो, ही विसंगती टीकाकारांनी दाखवली. विसंगती होतीच. पण गांधीजी एकट्याच्या व्रताची भाषा करत नव्हते. ज्या देशाने ते व्रत घेतलेले नाही, त्याच्या वतीने बोलत होते.

याहून जड आक्षेप दुसरा आहे: ऐन युद्धात दुबळ्याशी बरोबरीचा तह करतो कोण? याचे उत्तर आइसलँडमध्ये सापडते. मे १९४० मध्ये ब्रिटिशांनी ते बेट न विचारता ताब्यात घेतले. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, स्वतःचे सैन्य नाही. तरीही जुलै १९४१ मध्ये अमेरिकी फौज येताना आइसलँडने करार केला आणि युद्ध संपताच फौज परत जाईल, अशी अट घातली. १९४५ मध्ये अमेरिकेने ९९ वर्षांसाठी तळ मागितले तेव्हा त्याने नकार दिला. पुढे १९५१ मध्ये अमेरिकी सैन्य पुन्हा आले हे खरे, पण तेही नव्या करारानेच. उलट उदाहरण पुन्हा अंदमानचेच. डिसेंबर १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि बेटे कागदोपत्री आझाद हिंद सरकारकडे आली. त्या सरकारने तिथे नेमलेले प्रशासक लोकनाथन यांच्या हाती मात्र शिक्षणखात्यापलीकडे फारसे काही आले नाही. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंजला जपान्यांनी ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत आझाद हिंदच्याच बाजूच्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे लोक होते. सत्ता हस्तांतराचा समारंभ झाला होता. फौज काय करील आणि कधी जाईल, हे ठरवण्याचा अधिकार मात्र हस्तांतरित झाला नव्हता. वर्ध्याचे कलम नेमका हाच अधिकार मागत होते. ९ ऑगस्टच्या पहाटेच्या अटकांनी त्यावरची बोलणी सुरू होण्याआधीच संपवली.

आज भारत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवच्या अध्यक्षांनी बोलावले म्हणून भारतीय छत्रीधारी सैनिक तिथे उतरले आणि बंड मोडले. तिथेच पुढे भारताने दिलेली हेलिकॉप्टरे आणि डॉर्नियर विमान चालवणाऱ्या शंभराच्या आतबाहेरच्या सैनिकांवरून निवडणूक गाजली. मे २०२४ मध्ये मालदीवच्या सांगण्यावरून ते परत आले आणि त्यांची जागा बिगरलष्करी तंत्रज्ञांनी घेतली. दिल्लीत याचा राग अनेकांना आला. पण १९४२ मध्ये वर्ध्यात मागितलेला अधिकार मालदीवने वापरला, एवढेच.