तळेगावची काच, लोणावळ्याच्या कुंड्या आणि पुराव्याचा प्रश्न

'मिडसेंच्युरी' हा शब्द सध्या जुन्या वस्तूंच्या बाजारात फार चालतो. साधारण १९४५ ते १९७० या काळातलं, साध्या आकाराचं, फारशी नक्षी नसलेलं काहीही या नावाखाली खपतं. लोणावळा-खंडाळ्याकडचा एखादा जुना बंगला पडतो तेव्हा व्हरांड्यातल्या ग्लेझ दिलेल्या कुंड्या भंगारवाल्यामार्फत याच बाजारात येतात आणि तिथे त्यांचं नव्याने बारसं होतं: 'स्टुडिओ पॉटरी'. म्हणजे कारखान्यातली नव्हे, तर एका कलाकाराने स्वतः घडवून आपल्या भट्टीत भाजलेली. किंमत लगेच चढते. पण समजा, अशा कुंडीवर तुम्हाला प्रबंधातलं एक प्रकरण लिहायचंय. ती कुणी केली, हे कशावरून ठरवाल?

याच मावळात या कुंड्यांच्या बरोबर उलटं उदाहरण आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना मांडली आणि टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. एक लाख माणसांनी प्रत्येकी एक पैसा दिला तरी जमणार १५६२ रुपये ८ आणे! हा हिशेब एकदा स्वतः करून बघा, त्या माणसाच्या पायपिटीचा अंदाज येतो.

या कारखान्याबद्दल नावं, तारखा, हेतू सगळं सांगता येतं. पण त्या काळातला एखादा बिनशिक्क्याचा काचेचा पेला समोर ठेवला, तर तो तळेगावचाच हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा कंदील मात्र लगेच ओळखू येतो, कारण त्यावर 'प्रभाकर' हे नाव असे. तळेगावला कागद आहे, वस्तू बोलत नाही. कुंड्यांच्या बाबतीत वस्तू हातात आहे आणि कागद नाही.

इथे आपल्यासारखे विज्ञानवाले पुढे सरसावतात: "एक्सआरएफ करू या!" क्ष-किरण टाकायचे, मूलद्रव्यं मोजायची, नमुना फोडावाही लागत नाही. करा जरूर. पण हे यंत्र काय सांगत नाही ते आधी समजून घ्या. हातात धरायच्या यंत्राला बोरॉन आणि लिथियम दिसत नाहीत, आणि ग्लेझमध्ये हे दोन्ही असू शकतात. लोह किती आहे ते कळतं, पण ते कोणत्या अवस्थेत आहे ते कळत नाही. एक-दोन टक्के लोह असलेलं ग्लेझ ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत हिरवट-निळसर होतं आणि भरपूर हवेच्या भट्टीत मधासारखं पिवळसर. म्हणजे भट्टीची गोष्ट यंत्रापेक्षा डोळ्याला आधी समजते. शिवाय दोन कुंभारांनी फेल्डस्पार आणि माती एकाच व्यापाऱ्याकडून घेतली असेल, तर रासायनिक आकडे जुळले म्हणून कर्ता एकच ठरत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते.

उलट बाजूने, म्हणजे कार्यशाळेकडून, थोडा कागद मिळतो. गुरचरण सिंग जपानमध्ये शिकून आले आणि १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्ल्यू पॉटरी सुरू केली. निर्मला पटवर्धन यांनी 'हँडबुक फॉर पॉटर्स'मध्ये ग्लेझच्या पाककृती दिल्या. अशी कृती हाताशी असेल तर यंत्राच्या आकड्यांना काही अर्थ येतो. पण तीच कृती दुसरं कुणीही वापरू शकतं, हेही खरंच.

तेव्हा आधी कुंडी उलटी करा. आतून बोटांच्या गोल रेघा असतील तर ती बहुधा चाकावरची. दोन्ही बाजूंना उभी, पुसट शिवण असेल तर साच्यातली. मग तळाचं भोक बघा. भोकाची कड गुळगुळीत असेल, आत ग्लेझ उतरलं असेल, तर भोक भाजण्याआधीचं आणि वस्तू मुळातच कुंडी म्हणून केलेली. कड खरबरीत असेल, कपचे उडालेले असतील, तर कुणीतरी नंतर गिरमिट चालवलंय. म्हणजे ती आधी फुलदाणी किंवा बरणी होती! संग्राहकाला हा दोष वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या भोकात वस्तूचं दुसरं आयुष्य दिसतं.

आणि हे सगळं कुंडी जागेवर असतानाच नोंदवायचं. कोणत्या खोलीबाहेर होती, जोडीला किती होत्या, आत कोणतं झाड होतं, खाली बशी होती का. माळीकाका अजून असतील तर त्यांच्याशी बोला. साल विचारू नका, ते बहुतेक वेळा अंदाजाने सांगितलं जातं. "ही कुंडी आली तेव्हा बंगल्यात कोण राहत होतं?" असं विचारा आणि मग ते नाव घेऊन सात-बारा, मिळकत पत्रिका शोधायला तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात जा.