परसातील निखात निधी

वाड्याच्या परसात आळे खणताना किंवा पडक्या भिंतीचा पाया उकरताना पहारेला खण्णकन काही लागले, की घरातल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे प्रथम मोहरांचा हंडाच उभा राहतो. निघते बहुधा गंजलेले कुलूप वा बिजागरी. नशीब असेल तर तांब्याची शिवराई. आता तर धातू हुडकणारे यंत्रही हौशी लोकांच्या हाती आले आहे. तेव्हा या हौसेचे आणि इतिहासाचे नाते काय, ते आज थोडे पाहू.

यंत्राचा जन्म द्रव्यलोभातून झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्त्या ग्रॅहॅम बेलने असे एक साधन लावून पाहिले. गोळी सापडली नाही, अध्यक्षही वाचले नाहीत. पुढे कोसाट्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने बनवलेले यंत्र १९४२ साली अल अलामेनच्या रणांगणावर सुरुंग शोधण्यास कामी आले. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे बाजारात आली आणि सुरुंगाऐवजी नाणी शोधू लागली. खाली धातू आहे एवढे ते सांगते. तो तेथे केव्हा आणि का गेला, हे सांगणे त्याच्या कुवतीबाहेरचे.

शिवराईचेच घ्या. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे दिसताच आपण हात जोडतो, आणि ते योग्यच. पण ही नाणी महाराजांच्या पश्चात पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही काही काळ बाजारात चालत होती. मग आपल्या परसातली शिवराई कोणत्या काळी जमिनीत गेली? ते तिच्या अंगावर लिहिलेले नसते. ती कोणत्या थरात होती, शेजारी कसली खापरे होती, यावरून ते ठरते. आणि ते थर आपल्या कुदळीने आधीच कालवलेले असतात.

साठा एकत्र हाती आला तर काय घडते, हे जोगळटेंभीने दाखवले. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीची सुमारे १३,२५० नाणी मिळाली. सारी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला! गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे त्याच्या मातेचा नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतोच. परंतु आईने केलेली मुलाची स्तुती कितपत धरावी, अशी शंका घेणारा घेईल. नाण्यांपुढे त्या शंकेला जागा राहिली नाही. हाच साठा चार घरी वाटला जाऊन सोनाराच्या मुशीत गेला असता, तर त्याच्या तोरड्या झाल्या असत्या.

आणि मुशीची वाट लोक का धरतात, हेही आम्ही सांगितले पाहिजे. १८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळवणे बंधनकारक केले. न कळवल्यास कैद. धनी न निघाल्यास, आणि वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. इथवर ठीक. पण सरकारने तो ठेवा स्वतःकडे घेतला, तर द्यायची किंमत कोणती? नुसत्या धातूची, वर तिचा पाचवा हिस्सा! तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव मिळणार असेल, तर कचेरीची पायरी कोण चढेल? दोष सगळा खणणाऱ्याच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आमच्याही घरी एक शिवराई आहे. लहानपणी परसात केळीचा कोंब लावताना ती निघाली आणि चिंचेने घासून लख्ख केली गेली. त्या खड्ड्यातून कसलीशी काळी खापरेही निघाली होती, ती आम्ही मुलांनी लगोरीला वापरली.