दांत काढण्याचे दोन अर्थ

आपल्या मराठींत 'दांत काढणें' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत; एक हंसण्याचा व दुसरा रडण्याचा. मागच्या बांकावर खुसखूस सुरू झाली कीं, 'दांत काय काढतोस?' असें दटावण्यांत माझी सारी नोकरी गेली. गेल्या उन्हाळ्यांत ठणकणारी दाढ घेऊन मी नागपुरांतील एका दंतवैद्याकडे गेलों, तों तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. १९६८ सालीं येथें स्थापन झालेल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तो शिकलेला. पक्कड हातांत घेऊन तो अदबीनें म्हणाला, "सर, शाळेंत आपण मला कधीं दांत काढूं दिले नाहींत. आज मात्र परवानगी असावी." तोंडांत कापूस असल्यामुळें मला उत्तर देतां येईना, आणि हंसूं तर आवरेना!

माझ्या लहानपणीं बाजारांत रस्त्याच्या कडेला फडक्यावर उपटलेल्या दाढांची रास मांडून बसणारे वैदू दिसत. तेथेंही हंसणें असे. पण हंसणारे निराळे आणि रडणारा निराळा. एकाच माणसानें हंसत हंसत दांत काढून घ्यावा, ही कल्पना जगाला सुचावयास फार काळ लागला, आणि ज्याला सुचली त्याला ती फार महाग पडली.

नायट्रस ऑक्साइड हा वायु प्रीस्टले यानें १७७२ सालीं शोधला. पुढें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें हम्फ्री डेव्ही नांवाच्या विशीतील तरुणानें तो स्वतःवर अजमावून पाहिला. हुंगतांच त्याला हंसूं लोटूं लागलें. त्याच सुमारास त्याची अक्कलदाढ सुजली होती. तिची वेदनाही वायूनें शमली. हा वायु शस्त्रक्रियेच्या कामीं उपयोगी पडेल, असें त्यानें १८०० सालच्या ग्रंथांत स्पष्ट लिहून ठेविलें. परंतु लोकांनीं त्यांतलें हंसणें तेवढें उचललें! पुढें चव्वेचाळीस वर्षें हा वायु जत्रेंतल्या खेळाप्रमाणें पैसे घेऊन हुंगविला जात होता आणि इकडे शस्त्रवैद्यांच्या टेबलावर माणसें किंचाळत होतीं. अक्कलदाढेनें दिलेली अक्कल इतकी वायां गेल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

१८४४ सालच्या डिसेंबरच्या १० तारखेस अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवीं कोल्टन नांवाच्या गृहस्थानें असाच खेळ लावला होता. कूली नांवाचा एक तरुण वायु हुंगून नाचूं-धांवूं लागला व बांकावर आपटला. पायांतून रक्त वाहूं लागलें तरी त्याला त्याची दाद नव्हती. सारी सभा हंसत होती. हंसला नाहीं तो एकटा होरेस वेल्स. धंद्यानें तो दंतवैद्य होता. दुसऱ्याच दिवशीं त्यानें कोल्टनकडून वायु घेतला आणि रिग्ज या व्यवसायबंधूकडून स्वतःची दाढ उपटवून घेतली. वेदना म्हणून झाली नाहीं. परक्या माणसाच्या जिवावर प्रयोग न करतां स्वतःचें तोंड पुढें करणारा हा मनुष्य मला फार थोर वाटतो.

१८४५ च्या जानेवारींत बॉस्टन येथें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर त्यानें तो प्रयोग करून दाखविला. वायूची पिशवी घाईनें लौकर काढली गेली, रोगी कण्हला, आणि विद्यार्थ्यांनीं 'भोंदूगिरी!' म्हणून हुर्यो उडविली. कमी दुखलें, असें त्या रोग्यानें मागाहून सांगितलें; पण तें ऐकतो कोण? वर्गांतील हंसणें मीं जन्मभर ऐकलें आहे. उभ्या असलेल्या माणसास तें कसें लागतें, हें मला ठाऊक आहे.

१८४६ च्या ऑक्टोबरांत त्याचाच एकेकाळचा भागीदार मॉर्टन यानें त्याच बॉस्टन शहरांत ईथर देऊन यश मिळविलें व नांव त्याचें झालें. वेल्स मात्र क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करतां करतां भ्रमिष्ट झाला. १८४८ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या तुरुंगांत त्यानें आपला अंत करून घेतला. वय अवघें तेहतीस. पॅरिसच्या वैद्यमंडळानें त्याचा मान मान्य केल्याचें वृत्त त्याच्या मृत्यूनंतर पोहोंचलें.

आणि तो खेळवाला कोल्टन? १८६३ पासून त्यानें तोच वायु पुन्हा पुढें आणला. पुढें न्यूयॉर्कमध्यें दवाखाना थाटून हजारों लोकांच्या दाढा त्याच्या साह्यानें बिनबोभाट काढविल्या. वेल्सचें नांव मात्र तो अखेरपर्यंत आदरानें घेत असे.