कापसाची प्रत, कवितेची प्रत

कविता शिकवताना एक प्रश्न आम्हाला दरवर्षी हमखास विचारला जातो : ही कविता श्रेष्ठ आहे, हे ठरवले कोणी? गुणवत्ता कलाकृतीत असते, की वाचणाऱ्याच्या मनात? हिंगणघाटात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. आमचे बरेचसे विद्यार्थी कापूस पिकवणाऱ्या घरांतले. बाजारात व्यापारी गाडीतला पुंजका उचलतो, दोन बोटांत ओढून धागा पाहतो आणि भाव बोलतो. प्रत दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे त्या मुलांना आमच्याहून अधिक ठाऊक असते.

एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे गावाप्रमाणेच कापसाच्या एका प्रतीचेही नाव होते. वर्धेच्या खोऱ्यातील 'बनी' जातीचा हा कापूस लांब, तलम धाग्यामुळे देशी कापसांत उत्तम गणला जाई. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली, तेव्हा हिंदुस्थानातील कापसाला मोठी मागणी आली. परंतु बनीत रुईचा उतारा कमी. जाडाभरडा 'जरी' कापूस काटक आणि अधिक उताऱ्याचा. भावातील फरक मात्र ती तूट भरून काढण्याइतका नसे. शतक सरता सरता शेतकरी जरीकडे वळले. बनीचा धागा काही आखूड झाला नव्हता. त्याचे मोल पुरते चुकवणारा गिऱ्हाईक उरला नव्हता. गुण आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या गावाने असे अनुभवले.

मराठी समीक्षेत गुणाची बाजू बा. सी. मर्ढेकरांनी लढवली. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी सौंदर्य कलाकृतीच्या रचनेत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयींत शोधले. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) कलाविचाराचे लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव मांडले. एकाच निकषाने सगळी कला मोजता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तलम वस्त्राला लागणारा धागा आणि सतरंजीला लागणारा धागा एकच नव्हे, हे विणकराला सांगावे लागत नाही.

मग निवाडा ज्याच्या-त्याच्या रुचीवर सोडावा काय? येथे आम्हाला जोतीराव फुले आठवतात. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाने लुबाडणारा जोशी, त्यावर बोट ठेवणारा विदूषक आणि शेवटी शिकण्याचा निश्चय करणारे ते नवरा-बायको, असे हे नाटक. कमिटीने ते नाकारले. छापील रूपात ते वाचकांपुढे आले १९७९ साली.

गुणवत्ता केवळ पाहणाऱ्याच्या मनात असती, तर कमिटी चुकली असे म्हणण्याचा अधिकारच आपल्याला उरत नाही. तिची आवड निराळी होती, एवढेच म्हणता येईल. आपण तसे म्हणत नाही. विदूषकाच्या बोलण्यातली धार आणि संवादांतली बोलती भाषा १८५५ मध्येही त्या संहितेत होती. ज्यांच्यावर ती धार चालत होती, त्यांच्यापैकीच काही जण परीक्षक होते. म्हणून आमचे मत असे, की गुण कृतीत असतो, पण तो पारखणारे हात निर्लेप नसतात. निकष वस्तुनिष्ठ आहे असे म्हणणाऱ्याने तो उघड सांगितला पाहिजे आणि तो कोणाच्या सोयीचा आहे, हेही तपासू दिले पाहिजे.

हे ओझे आमच्यावरही आहे. उत्तरपत्रिकांवर गुण आम्हीच देतो. ठरीव कवितेला 'श्रेष्ठ' म्हणणारे उत्तर आम्ही उचलून धरतो आणि शंका घेणाऱ्याला दोन गुण कमी देतो, असे घडलेले आहे. आता तो प्रश्न आला की आम्ही कविता फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थ्यांना म्हणतो, बाजारात पाहता तसे करा. आम्ही सांगतो म्हणून मान्य करू नका, आवडली नाही म्हणून टाकूही नका. ओळ हातात घ्या, ओढा, धागा किती येतो ते चारचौघांत दाखवा.